आखाजीला पेपर

टेकडीवर विद्यापीठ, खाली गिरणा.
पुलावरून पाहिलं तेव्हा नदीत पाणी कमी
आणि वाळूचे ट्रॅक्टर जास्त होते.
बाप म्हणाला, वारं चांगलं शे अठे.
मग ट्रंक उतरवली, खोलीतल्या पंख्याकडे
कान लावून जरा वेळ उभा राहिला.
बेअरिंग जायेल शे, वॉर्डनले सांग.
एवढंच. बेटावदची पॅसेंजर गाठायची होती.

खोली एकोणीस. तीन खाटा.
फैजपूरची चारुलता फालक,
धडगावच्याही वरच्या पाड्यातली सेवंती पावरा,
आणि मी.
पहिले दोन महिने आम्ही
पाठ्यपुस्तकातल्या बायकांसारख्या बोललो.
"तुझी बादली घेऊ शकते का?"
"अवश्य."
फक्त झोपेत चारुलता काब्रं, काब्रं करायची
कुणाला तरी जाब विचारल्यासारखी.
आणि सेवंती रेंज शोधत गच्चीवर जायची,
तिथून तिचं हसणं जिन्यातून खाली यायचं,
खोलीत कधीच न आलेलं.

प्रयोगशाळेत सरांनी तांब्याची गुंडाळी हातात दिली.
किती वेढे असतील? अंदाज सांगा.
मी बोटानं जाडी चाचपली.
जळालेल्या मोटारी भरणाऱ्या बापाशेजारी
वेढे मोजत मोठी झाले मी,
पाढे नंतर आले.
म्हटलं, चारशेच्या वर शेत...
'स' तोंडातच राहिला.
मागच्या बाकावर कुणीतरी
नांगर धरून दाखवला,
दुसऱ्यानं बैल हाकलले.
वेढे चारशे बारा निघाले,
पण तोवर तास संपला होता.

त्यानंतर मी जीभ धुऊन घेतली.
आहे, आहेत, होते, असतील.
आरशासमोर, नळाखाली, मेसच्या रांगेत,
गूळ घातलेलं वरण निमूट गिळताना.
इतकी की एका संध्याकाळी मायचा फोन आला,
जेवनी का वं?
आणि मी म्हणाले, हो, जेवले.
पलीकडे माय थांबली.
कोन बोली ऱ्हायनं?
मीच.
मी गं.
ती काहीच बोलली नाही.
फोन कानाशी धरून मी
आमच्या गल्लीतली पिठाची चक्की ऐकत राहिले,
ती बंद होईपर्यंत.

थंडीत चारुलताच्या घरून डबा आला.
भरीत, कांद्याची पात, कळण्याच्या भाकरी.
ट्रंकेवर वर्तमानपत्र पसरून बसलो.
पहिल्या घासाला सेवंती तिच्या बोलीत काहीतरी ओरडली
आणि तांब्या तोंडाला लावला.
अर्थ विचारावा लागला नाही.
त्या रात्री कुणीच कुणाला अवश्य म्हणालं नाही.

मग वेळापत्रक लागलं.
तिसरा पेपर आखाजीच्या दिवशी.
माय म्हणे, आंडेरना सण शे तो,
सासरच्या पोरीबी येतस.
शेजारच्या झुंकाबाईनं तिच्या हातातून फोन घेतला,
कसं शे वं तुन्हं सासर?
दोघी हसल्या. मीही हसले.
मग पुस्तक उघडलं आणि एकच ओळ
चार वेळा वाचली.

आखाजी. पारा चव्वेचाळीस.
सेवंतीनं कपडे वाळत घालायचा नायलॉनचा दोर सोडला,
वसतिगृहामागच्या निंबाला बांधला.
दोर लांड भरला.
गुडघे हनुवटीला टेकवून बसावं लागे,
पाठीला काचे.
बसायला चारुलताची उशी.
एकीनं झोका घ्यायचा,
दुसरीनं प्रश्न विचारायचे,
तिसरीनं उत्तर पुस्तकात शोधायचं.
दुपारच्या पेपरला अजून तीन तास होते.

वॉर्डन आल्या.
हा दोर कुणाचा आहे?
मी शुद्ध वाक्य जुळवत होते,
कर्ता, कर्म, क्षमायाचना.
त्याआधीच सेवंती, जिची ही बोलीच नाही,
खडखडीत म्हणाली,
आमना शे.

वॉर्डननं झाडाकडे पाहिलं.
अकरापर्यंत सोडा, म्हणाल्या.

कपडे त्या दिवशी खिडकीच्या गजांवर वाळले.
पेपर बरा गेला. एक गणित राहिलं.
पंखा अजून तसाच वाजतो.